अलिबागला दोन दिवस: पैसे स्विमिंग पूलवाल्या व्हिलाला मोजायचे की गावातल्या घरात राहायचं?

परळकर

थंडीत घरातली सगळी मिळून अलिबागला जायचं ठरतंय आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर रोज एक नवा व्हिला येतोय. पांढऱ्या भिंती, निळा पूल, कापलेलं गवत. फोटो बघून तो अलिबागजवळच्या आवासचा आहे, झिराडचा आहे की लोणावळ्याचा, काहीच कळत नाही. विरोधी मतं यावीत म्हणूनच हा धागा काढतोय. माझं मत असं की शनिवार-रविवार जोडून मुंबईहून अलिबागला जाणाऱ्याने व्हिलावर पैसे घालू नयेत.

पहिलं कारण वेळेचं. बहुतेक व्हिल्यांत दुपारी एक-दोनच्या आधी आत घेत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या आत बाहेर पडावं लागतं. म्हणजे दोन दिवसांचे पैसे मोजून हातात एक दिवसही पुरता येत नाही. एवढे पैसे दिले म्हटल्यावर त्या आवारातून बाहेर पडायला कोणाचं मन होत नाही. मग किनाऱ्याला जाऊन किनारा बघणं राहतंच.

दुसरं कारण समुद्राचं, आणि माझ्या दृष्टीने तेच मोठं. अलिबागचा दिवस भरती-ओहोटीवर चालतो. किनाऱ्यासमोरच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं, ते बघायचं तर वेळ गाठावी लागते. आपल्याकडच्या कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ निघते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे साधारण सव्वाअकरा-बाराला भरती आणि सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. बाराची ओहोटी ऐकायला सोयीची वाटते, पण अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी पुरतं उतरत नाही आणि किल्ल्याची वाट नीट मोकळी होत नाही. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पाणी खूप खाली जातं, पण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी. म्हणून पौर्णिमा-अमावास्येनंतरची तृतीया किंवा चतुर्थी धरावी. उधाणाचा जोर अजून असतो आणि ओहोटी सकाळी सव्वाआठ-नऊला येते. नाश्ता करून चालत जायचं, पाणी फिरायच्या आत परतायचं. (वद्य चतुर्थी म्हणजे संकष्टी. घरात उपास करणारे असतील तर तृतीया बघा, नाहीतर जिताडा मासा समोर येऊनही हात लावता येणार नाही.) हा हिशेब दिशादर्शक आहे. नक्की वेळ स्थानिकांना विचारा आणि पाणी वाढायला लागलं की किल्ल्यात रेंगाळू नका.

ही आखणी करायची तर राहायचं ठिकाण गावात, किनाऱ्याच्या चालण्याच्या अंतरात हवं. वरसोली, नागाव, आक्षी इथे वाड्यांमध्ये खोल्या मिळतात. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, सोलकढी घरच्या हातची. व्हिला कुठे कमी पडतो याचं उत्तर मला तरी एवढ्यात मिळतं.

दोन_पिढ्या

परळकर, तुमचा भरतीचा हिशेब आवडला. निष्कर्ष अजिबात पटला नाही.

तुमच्या आखणीत माझी आई आणि सासरे कुठे बसतात? आईच्या गुडघ्यांना तीन पायऱ्यांच्या वर झेपत नाही. गेटवेला लाटेवर हलणाऱ्या बोटीत पाऊल टाकायचं म्हटलं तरी तिला घाम फुटतो. आम्ही भाऊच्या धक्क्यावरून रोरोने जातो, गाडी बोटीत चढते, मांडव्याला उतरून थेट दारात. पुढे तळमजल्याची खोली, कमोड, न्हाणीघरात धरायला कडी, रात्री लाईट गेली तर जनरेटर. ही चैन नाही हो. म्हाताऱ्या माणसांना समुद्रापर्यंत न्यायचं तर एवढं लागतंच. आणि तीन कुटुंबांत भाडं वाटलं की डोईजड होत नाही.

दुसरी गोष्ट पुरुष सहसा लिहीत नाहीत म्हणून मी लिहिते. आमच्या घरातल्या बायकांना मनासारखं पोहायला मिळतं ते फक्त तिथे. रविवारी अलिबागच्या मुख्य किनाऱ्यावर ओल्या कपड्यांत बाहेर या, किती नजरा अंगावर येतात आणि किती मोबाईल वर होतात ते बघा. माझी जाऊ पन्नाशीला पोहायला शिकली, ती बंद आवारातल्या पुलात. तुम्ही त्या पुलाला फोटोतला निळा चौकोन म्हणून बाजूला सारता. आम्हाला तेवढीच जागा मोकळी आहे.

आणि घरगुती खोलीत सकाळी नाश्ता साडेआठला, जेवण एकला, हाताखाली कोणी नाही. वर्षभर वेळा सांभाळणारी बाई तिथेही वेळाच सांभाळते.

वाडीकर_नागाव

मी नागावचा. आमच्या वाडीत चार खोल्या आहेत, म्हणजे माझा स्वार्थ यात आहे, तो आधीच सांगतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या तालुक्याच्या किनाऱ्यावर आदळलं. एका दुपारी नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. खाली मुरुड, श्रीवर्धन, दिवेआगरला तर आमच्याहून वाईट. सुपारीचं रोप लावलं की फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. मधली वर्षं कशावर काढायची? ज्यांच्याकडे पाहुण्यांच्या खोल्या होत्या त्यांनी वाडी पुन्हा लावली. ज्यांच्याकडे नव्हत्या त्यांच्यातल्या काहींनी जमीन विकली, आणि तिथे आता स्विमिंग पूल आहे. तुम्ही आमच्याकडे राहता तेव्हा तुमचे पैसे रोपाला, मजुरीला, पांढऱ्या कांद्याच्या बियाण्याला जातात. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं त्याचं कौतुक सगळे करतात, पण तो पिकवायला जमीन शिल्लक असायला हवी.

पाण्याचंही सांगतो. किनाऱ्यालगत गोडं पाणी वरच्या थरात असतं, विहिरीपुरतं. जास्त उपसा केला की खालून खारं चढतं आणि एकदा चढलेलं खारं सहज उतरत नाही, वाडीची पानं करपतात. उन्हाळ्यात पूल भरायला टँकर येतो तेव्हा ते पाणी कुठल्यातरी गावच्या विहिरीतलं किंवा बोअरचंच असतं.

ताई, तुमच्या आईंचं आणि पोहण्याचं म्हणणं मनाला लागलं. आमच्याकडे दोन खोल्या तळमजल्यावर आहेत, कमोड आहे. पोहायला जागा नाही. खोटं सांगणार नाही.

चोंढीकर

वाडीकर दादा, अर्धंच सांगितलंत.

मी चोंढी-किहीमच्या भागात व्हिल्यांची देखरेख करतो. मालक मुंबईत असतो, खरं आहे. पण रोज तिथे हात कोणाचे असतात? माळी आमचा, इलेक्ट्रिशियन आमचा, पूल साफ करणारा पोरगा आयटीआय करून आलेला. स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी महिन्याला जे कमावतात ते त्यांना शेतावर कधी मिळालं नव्हतं. हे लोक नोकरीसाठी रोज मांडव्याहून बोटीने मुंबईला जायचे किंवा डोंबिवलीला खोली घेऊन राहायचे. आता घरी जेवतात.

नागावला पाहुणा पूर्वीपासून येतो, तुमच्या बाजूला किनारा रुंद, एसटी दारात. झिराड-चोंढीकडे व्हिले येण्याआधी राहायला कोण थांबायचं?

जमीन विकली ती आमच्याच लोकांनी, भाव बघून विकली. त्याचं दुःख मलाही आहे, माझ्या चुलत्याची जमीन त्यात गेली. पण ज्या बाईच्या हातचं जेवून पाहुणा तिला पगाराशिवाय वर पैसे देतो, तिला सांगू का की परळकर म्हणतात व्हिल्याला जाऊ नका?

पश्चिम_रेल्वे

मला प्रश्नच वेगळा पडतो. अलिबागच का? शनिवारी सकाळी वडखळच्या आधी गाड्या थांबलेल्या, रविवारी संध्याकाळी मांडव्याला रांग. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, शिवडीहून न्हावाशेव्यापर्यंत झपकन पोहोचता, पुढे पेण-वडखळ-पोयनाड रस्ता तोच.

गाडी घरी ठेवा आणि डहाणूजवळच्या बोर्डीला जा. रेल्वेने घोलवडला उतरा, स्टेशनपासून रिक्षा. सुरूच्या झाडांची लांबच लांब रांग, ओहोटीला पाणी एवढं मागे जातं की नजर पुरत नाही, चिकूच्या वाड्या, इराणी-पारशी घरांमध्ये राहण्याची सोय. जवळच बहरोटची गुहा आहे, पारशांनी संकटाच्या काळात आपला पवित्र अग्नी तिथे जपला होता. गर्दी अलिबागच्या मानाने फारच कमी.

दोन_पिढ्या

बोर्डी सुंदर आहे, जाऊन आलेय. पण आईला दादरचा जिना आणि फलाट झेपणार नाही. प्रत्येक सल्ला धडधाकट माणसासाठीच का असतो?

गिरगावकर

राहण्याचं ज्याचं त्याने ठरवावं, पण दोन दिवसांत नुसतं खाऊन-पोहून परत येणाऱ्यांबद्दल मला वाईट वाटतं. कान्होजी आंग्र्यांची समाधी अलिबाग शहरात आहे, मुख्य किनाऱ्यापासून जवळ. मराठ्यांचं आरमार ज्यांनी समुद्रावर गाजवलं, त्यांच्या समाधीशी रविवारीही शुकशुकाट असतो. चुंबकीय वेधशाळाही तिथेच. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी बिघडतील म्हणून १९०४ मध्ये ती मुंबईतल्या कुलाब्याहून अलिबागला नेली. सासवण्याला शिल्पकार करमरकरांचं संग्रहालय आहे, त्यांच्याच घरात. थळच्या समोर समुद्रात खांदेरी, जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशात गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक.

परळकरांना एक विरोधी मुद्दा: सासवणं आणि आवास हे व्हिल्यांच्याच पट्ट्यात आहेत. तिथे राहणाऱ्याला करमरकरांची शिल्पं नागावकरांपेक्षा जवळ पडतात. तेव्हा व्हिला म्हणजे आवारात कोंडून घेणं, हे काही खरं नाही.

परळकर

सगळ्यांना उत्तर देतो, जरा लांबेल.

गिरगावकर, अंतर कमी असून उपयोग होत नाही असं माझं निरीक्षण आहे. आवासला राहून सासवण्याला न गेलेले माझ्या ओळखीत ढीगभर आहेत. पूल आणि बार्बेक्यू सोडून शिल्पं बघायला उठायला कारण लागतं, आणि ते कारण गावात राहिल्यावर आपोआप मिळतं, कारण खोलीत बसण्यासारखं काही नसतं.

चोंढीकर, मावशींच्या पगाराबद्दल माझा आक्षेप नाही. माझा आक्षेप असा की त्या पगाराच्या कितीतरी पट रक्कम त्याच रात्रीत मुंबईला परत जाते. पाहुणे किराणाही मुंबईतूनच भरून नेतात, कोलंबीसुद्धा थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून. तुमच्या बाजारात ताजी मिळत असताना! घरगुती निवासात ती सगळी रक्कम गावात राहते. दोन्हींत हात गावाचेच आहेत, मालकी कोणाची आहे यावर मी बोलतोय.

ताई, पोहण्याबद्दलचा तुमचा मुद्दा या धाग्यावरचा सगळ्यात वजनदार आहे. त्याला माझ्याकडे आज उत्तर नाही. किनारा बायकांना मोकळा वाटावा हे नगरपालिकेचं, पोलिसांचं आणि तिथे मोबाईल वर करणाऱ्या आपल्यासारख्या पुरुषांचं काम आहे, आणि ते होईपर्यंत तुम्ही थांबा असं मी म्हणू शकत नाही. पण कमोड आणि तळमजला यांसाठी व्हिलाच लागतो हे मानत नाही. वाडीकरांनी आत्ताच वर लिहिलंय की आहे.

दोन_पिढ्या

आहे, हे मला कळलं कारण ते इथे आले आणि प्रामाणिकपणे लिहिलं. एरवी कसं कळणार? घरगुती निवासांच्या फोटोंत झोपाळा असतो, माशाचं ताट असतं, न्हाणीघर कधीच नसतं. फोनवर विचारलं की "सगळी सोय आहे" एवढंच उत्तर येतं. तिथे पोहोचल्यावर दोन पायऱ्या चढून उंच उंबरठा निघाला तर आईला घेऊन मी कुठे जाऊ? व्हिल्याचं भाडं मी बऱ्याच अंशी या खात्रीसाठी भरते.

वाडीकर_नागाव

हे ताई अगदी बरोबर बोलल्या. आमच्या लोकांना न्हाणीघराचा फोटो टाकायची लाज वाटते. आळीत सगळ्यांना सांगतो: उंबरठा किती, पायऱ्या किती, कमोड आहे की नाही, हे आधी लिहा, माशाचं ताट नंतर.

चोंढीकर, रात्री दहानंतर स्पीकर बंद करायचं मात्र तुमच्याच हातात आहे. भाडं मालक घेतो, आवाज शेजारची म्हातारी सोसते.

चोंढीकर

मान्य. मी देखरेख करतो त्या घरांत बंद करतो, पाहुणा चिडला तरी करतो. सगळीकडे होत नाही हेही खरं.

पाण्याबद्दल: पुलाचं पाणी गाळून तेच फिरवलं तर वारंवार भरावं लागत नाही. जिथे यंत्रणा नीट ठेवत नाहीत तिथे टँकरवर टँकर येतात. पाहुण्यांनी बुकिंग करतानाच विचारलं तर मालक ऐकतात. आमचं ऐकत नाहीत.

दोन_पिढ्या

मग मी विचारीन. आमचा जानेवारीचा व्हिला ठरलाय आणि तो रद्द करत नाही. पाणी कुठून येतं, स्वयंपाकाला गावातलं कोण येतं आणि मासे तिथल्याच बाजारातून आणता येतील का, हे तिन्ही प्रश्न मालकाला आज रात्री पाठवते. मडक्यात शेंगा भाजून पोपटी करून देणारं कोणी असेल तर चोंढीकर, तेही सांगा, वालाच्या शेंगा तेव्हा भरलेल्या असतील.

परळकर, जानेवारीतली वद्य तृतीया शनिवार-रविवारला येत नसेल तर तारीख पुढे ढकलावी का? किल्ल्यात मला आणि मुलांना जायचंच आहे. सासरे म्हणतात ते वाळूवर खुर्ची टाकून बसतील.