अनुभव धागा: परदेशात असताना मुरुमांवर उपचार कसे मिळवलेत?

पाटणादेवी
भाची जळगावहून शिक्षणासाठी जर्मनीला निघाली आहे. तिच्या सामानाच्या यादीत कळण्याच्या पिठाखालोखाल मुरुमांच्या मलमाच्या डझनभर ट्यूबा पाहिल्या आणि मला मँचेस्टरमधले माझे दिवस आठवले. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत थेट त्वचारोगतज्ज्ञाकडे जाता येत नाही. ज्या दवाखान्यात नाव नोंदवले असेल तिथल्या जीपीला, म्हणजे सर्वसाधारण डॉक्टरला, आधी दाखवावे लागते आणि बहुतेकांच्या मुरुमांचा उपचार तिथेच होतो. सकाळी नंबर लावून संध्याकाळी तज्ज्ञासमोर बसायची सवय असलेल्या मला याचा फार राग आला होता. प्रत्यक्षात त्या डॉक्टरबाईंनी चेहऱ्यासोबत पाठ आणि खांदेही तपासले, ॲडापलीन व बेंझॉइल पेरॉक्साइड एकत्र असलेले जेल लिहून दिले आणि बारा आठवडे होण्याआधी गुणाची अपेक्षा करू नका, असे बजावले. सुरुवातीला कातडी सोलली, नाकाच्या कडा भाजल्यासारख्या झाल्या. मग त्यांच्याच सांगण्यावरून वाटाण्याएवढे जेल साऱ्या चेहऱ्याला एक रात्र आड लावू लागले, तेव्हा आग थांबली. आपापल्या देशातले अनुभव लिहावेत.

तापीकाठ
अमेरिकेत ०.१ टक्के ॲडापलीन २०१६ पासून चिठ्ठीशिवाय मिळते, त्यामुळे साध्या मुरुमांसाठी विम्याच्या भानगडीत पडावे लागत नाही. बेंझॉइल पेरॉक्साइडने कापडाचा रंग उडतो, हे मात्र कोणी सांगत नाही. आईने धुळ्याहून दिलेल्या निळ्या चादरीवर माझ्या गालाचा पांढरा नकाशा उमटला आहे.

खापरावरचे मांडे
माझे मुरूम गाठींचे होते, त्यामुळे अमेरिकेतच आयसोट्रेटिनॉइन घ्यावे लागले. या औषधाने गर्भात गंभीर व्यंगे निर्माण होतात, म्हणून गर्भधारणा शक्य असलेल्या प्रत्येक स्त्रीची तिथे सरकारी देखरेखीखालच्या योजनेत नोंदणी होते, दरमहा गर्भचाचणी होते, आणि चाचणीनंतर सात दिवसांत औषध उचलले नाही तर पुन्हा चाचणी करावी लागते. आई फोनवर म्हणाली, "लग्न व्हायच्या पोरीला असं विचारतातच कसे?" नर्सने कारण इतक्या शांतपणे समजावले होते की तेच मी आईला मराठीत ऐकवले. रक्त तपासून यकृताचे काम आणि चरबीचे प्रमाणही पाहत. ओठ इतके फाटत की भाकरीचा घास घेताना रक्त येई, पण गाठी गेल्या.

भुसावळ जंक्शन
ताई, त्या डझनभर ट्यूबांवर घटक काय लिहिले आहेत, ते आधी वाचा. म्युनिकमध्ये माझ्या खोलीतला मित्र गावाकडून आलेले "सगळ्यावर चालणारे" मलम मुरुमांवर लावत असे आणि त्यात क्लोबेटासॉल हे जोरदार स्टेरॉइड होते. लावले की दोन दिवस चेहरा तुळतुळीत, थांबवले की लालबुंद आणि पुटकुळ्यांनी भरलेला. तिथल्या त्वचातज्ज्ञाची वेळ मिळायला काही महिने लागले आणि त्याने पहिले काम केले ते हे मलम बंद करण्याचे. आपल्याकडे २०१८ मध्ये अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास केंद्राने मनाई केली, तरी मेडिकलवाल्याला नुसते "गोरं व्हायचं क्रीम द्या" म्हटले तरी काउंटरवर काय येते, हे आपण सारे जाणतो.

भरीत पार्टी
आमच्या आजीच्या मते परदेशातल्या मुरुमांचे कारण तेल न लावणे हेच आहे. तिच्या आग्रहाखातर डोके चोपडल्यावर माझ्या कपाळावर जे उगवले, ते पाहून ती म्हणाली, "आता शेवभाजी बंद कर."

पाटणादेवी
@भुसावळ जंक्शन, भाऊ, वाचले. दोन ट्यूबा त्यातल्याच निघाल्या, त्या काढून टाकल्या. उरलेले संपल्यावर कुरिअरने पाठवता येईल का?

भुसावळ जंक्शन
प्रवासात स्वतःपुरते औषध चिठ्ठीसह नेता येते, पण युरोपीय संघाबाहेरून टपालाने औषधे मागवायला जर्मनीत सहसा बंदी आहे, कस्टममध्ये अडकतील. बेंझॉइल पेरॉक्साइड तिथल्या औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. तज्ज्ञाची वेळ मात्र पोहोचताच मागून ठेवायला सांगा.

केळीचा घड
भाची आपल्यासारखीच सावळी असेल तर आणखी एक सांगा. गोऱ्या कातडीवरचा लालपणा लगेच दिसतो, आपल्या कातडीवर तो झाकला जातो, त्यामुळे सूज कमी समजली जाण्याची शक्यता असते. मुरूम गेल्यावर राहणारे काळे डाग मात्र आपल्याला महिनोन्महिने छळतात. लंडनला माझ्या डॉक्टरने मुरूम "सौम्य" ठरवले, तेव्हा मी फोनमधले जुने फोटो दाखवून डागांचाच विषय लावून धरला. मग ॲझेलेइक ॲसिड मिळाले, जे मुरूम आणि डाग दोन्हींवर चालते. सोबत सनस्क्रीन रोज लावायला सांगितले. जळगावच्या ४५ अंशांतही न लावणाऱ्या माझ्यासारख्याला ढगाळ लंडनमध्ये ते लावताना हसू येत असे, पण डाग त्यानेच फिके पडले.