अंगठे आणि वाचक

'चांगलं लिहा आणि लिंक सगळ्या ग्रुपवर टाका, वाचक वाढतातच' असा सल्ला ब्लॉग लिहिणाऱ्यांना नेहमी मिळतो. पहिलं मान्य. दुसऱ्याबाबत माझा अनुभव वेगळा आहे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली, तर अर्ध्या तासात १८ अंगठे आले आणि ब्लॉगवर भेटी दिसल्या ३. त्यातली एक माझीच, शुद्धलेखन तपासायला उघडलेली!

मी नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या खाडीतल्या फ्लेमिंगोंवर लिहितो. जीव ओतून लिहिलेलं ललित तसंच पडून आहे. चाललं ते एक रुक्ष टिपण: फ्लेमिंगो बघायला नेणारी बोट भरती बघूनच सुटते, ओहोटीला नुसता चिखल उघडा पडतो, म्हणून घरून निघण्याआधी भरतीची वेळ कशी बघायची. लोक गुगलवर हेच शोधत येतात. ओळखी वाढवायच्या म्हणाल तर एका पक्षीनिरीक्षकाच्या ब्लॉगवर 'छान लेख' एवढंच न लिहिता लहान आणि मोठ्या फ्लेमिंगोच्या चोचीतला फरक लिहिला (मोठ्याची गुलाबी, फक्त टोकाला काळी, लहानाची जवळजवळ सगळीच गडद). पुढच्या लेखात त्यांनी आपणहून माझा दुवा दिला. तिथून आलेले पाच-सहा जण अजून नेमाने वाचतात, चुकाही काढतात.