लिंटरच्या नियमाखाली कारण आणि अपवाद लिहायलाच हवेत

सातपुडा: पायथनमध्ये पॅरामीटरला `यादी=[]` असं डीफॉल्ट दिलं की लिंटर, म्हणजे कोडमधल्या चुका शोधणारी टूल्स, तक्रार करतात: पायलिंट डब्ल्यू०१०२ हा नियम दाखवतो, रफ बी००६. नवख्याला प्रश्न पडतो, यात चुकलं काय? डीफॉल्ट व्हॅल्यू दर कॉलला नव्याने बनत नाही, फंक्शनची व्याख्या चालते तेव्हा एकदाच बनते. पहिल्या कॉलने त्या यादीत १ टाकला की दुसऱ्या कॉलच्या हाती १ असलेलीच यादी पडते. टीमच्या गाइडमध्ये मात्र नुसतं ‘म्युटेबल (यादीसारखं, नंतर बदलता येणारं) डीफॉल्ट देऊ नये’. कारण, उदाहरण आणि नियम कधी बंद करायचा हे लिहिलेलं नसेल, तर तो सीआयमध्ये, म्हणजे कोड पाठवला की आपोआप चालणाऱ्या तपासणीत, लावूच नये.

बॅकएंडकर: अजिबात पटलं नाही. हे कारण पायथनच्या अधिकृत ट्युटोरियलमध्ये इशारा म्हणून दिलंय, रफच्या पानावरही आहे. तेच टीमच्या विकीत उतरवलं तर टूल पुढे जातं आणि विकी शिळं होतं. लिंक द्या. अपवाद लिहून ठेवलेत तर लोक आधी तेच शोधतात, मग प्रत्येक ‘नोक्यूए’वर, म्हणजे त्या ओळीपुरता नियम बंद करणाऱ्या कॉमेंटवर, रिव्ह्यूत हुज्जत.

इंद्रायणी: बी००६पुरतं ठीक. बी००८चं काय? डीफॉल्टमध्ये फंक्शन कॉल नको, असा तो नियम. `वेळ=डेटटाइम.नाउ()` लिहिलंत तर सर्व्हर सुरू झाल्याचीच वेळ दिवसभर प्रत्येक नोंदीला लागते, म्हणजे नियम रास्तच. पण फास्टएपीआय या वेब फ्रेमवर्कमध्ये `डिपेंड्स()` हा कॉल डीफॉल्टमध्येच लिहायची पद्धत होती. तो डीफॉल्टऐवजी टाइपमध्ये लिहायची अ‍ॅनोटेटेडची सोय २०२३मध्ये ०.९५ आवृत्तीत आली. जुन्या कोडसाठी रफच्या सेटिंगमध्ये ‘डिपेंड्स’ला सूट देता येते. ती आपण का दिली, हे रफच्या पानावर कसं सापडणार?

बॅकएंडकर: मग त्या सेटिंगच्या वर एका ओळीची कॉमेंट टाका. वेगळा दस्तऐवज कशाला?

सातपुडा: कॉमेंटही चालेल, जागेचा हट्ट नाही. पण बी००६ची आपोआप दुरुस्ती बघा. रफ स्वतःच तिला असुरक्षित म्हणतो. आधी काढलेली उत्तरं साठवायला कुणी `कॅशे={}` मुद्दाम ठेवलं असेल, तर दुरुस्तीनंतर दर कॉलला नवी डिक्शनरी. एरर नाही, टेस्ट पास, फक्त काम मंदावलेलं. ही सूचना नियमाखालीच हवी.

बॅकएंडकर: असा लपलेला कॅशे मी रिव्ह्यूत पासच करणार नाही. पायथन ३.२पासून फंकटूल्समध्ये एलआरयू कॅशे हा तयार कॅशे आहे, तो वापरा. इथे अपवाद नको, कोड बदला. बी००८ची कॉमेंट मात्र मान्य.