रॅमआधी प्रोसेसर बघा

ॲपलच्या जुन्या मॅकिंटॉश एलसी ४७५ कॉम्प्युटरवर नेटबीएसडी ही युनिक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टिम अधूनमधून कोसळते म्हणजे रॅम खराब, असं या चर्चेत वर एकाने म्हटलंय. रॅम बदलून बघायला हरकत नाही, पण मूळ दुखणं बहुधा प्रोसेसरचं आहे. त्यात ६८एलसी०४० येतो, त्याला एफपीयू (दशांश आकडेमोड करणारा भाग) नाही. ते काम कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, सॉफ्टवेअरने करू बघतं आणि या चिपच्या जुन्या आवृत्त्यांमधला दोष नेमका तिथेच आडवा येतो: ट्रॅप होताना, म्हणजे न जमणारी सूचना प्रोसेसर कर्नलकडे सोपवतो तेव्हा, मेमरीत लिहायचं बाकी असलेलं कधीकधी हरवतं. म्हणून तर प्रोग्राम दर वेळी वेगळ्याच जागी मरतो.

चिप सॉकेटमध्ये आहे, हे फार बरं. चारही बाजूंनी थोडीथोडी उचलत काढा. एकाच बाजूने उचकटली तर पिना वाकल्याच म्हणून समजा. नावात 'एलसी' नसलेला, एफपीयूवाला ६८०४० खुणेचा कोपरा जुळवून बसवा, वर हीटसिंक लावा. मॅक ओएसचं छोटं पार्टिशन मात्र पुसू नका, नेटबीएसडी सुरू करणारा बूटर तिथूनच चालतो. मॅक ओएसमधली व्हर्च्युअल मेमरीही (डिस्कची जागा रॅमसारखी वापरणं) बंद करून ठेवा. आणि चिप बदलल्यावर स्क्रीन काळीच राहिली तर घाबरू नका, आधी ३.६ व्होल्टची बॅटरी तपासा. ती संपली की हे मॉडेल बऱ्याचदा चित्रच दाखवत नाही.