प्रतिसाद: जुन्या डिझेल फोर बाय फोरचं मायलेज
'जुनी डिझेल फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देता येणारी गाडी) घेतली की मायलेज विसरा' हे मत मला अर्धंच पटलं. आधी टायर बघा. माझ्या गाडीला आधीच्या मालकाने 215/75 आर 15 मापाचे काढून त्याहून मोठे 235/75 आर 15 चढवले होते. व्यास सव्वाचार टक्के वाढला, म्हणजे ओडोमीटर तेवढं अंतर कमी मोजणार. टाकी फुल ते फुल हिशेबात लिटरला 12 किमी दिसायचं, प्रत्यक्षात साडेबारा. (जड टायर डिझेल जास्त खातात, ते वेगळंच.)

टिकाऊपणाचं म्हणाल तर ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) तपासा. मोकळ्या मातीत फोर-एच (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगासाठी) टाकून थोडं चालवा, आवाज ऐका. कोरड्या डांबरावर नको. पार्ट-टाइम प्रकारात (गरजेपुरतीच चारही चाकांवर घ्यायची गाडी) सेंटर डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नसतं, वळताना गाडी अडखळते आणि ट्रान्सफर केस, शाफ्ट, अ‍ॅक्सल सगळ्यांना पीळ बसतो.