पीएस६ची एवढी घाई कुणाला झालीय? कन्सोलची पिढी किती वर्षांची असावी

गोदाकाठचा_गडी (नांदेड)
परवा आमच्या ग्रुपवर एका गड्यानं लिहिलं की पीएस५ला (सोनीचं प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल) पाच वर्षं होऊन गेली, आता २०२७ला नवीन आलंच पाहिजे, मशीन म्हातारं झालं. अरे म्हातारं कुठून झालं, आमच्या घरात तर ते अजून पाहुणंच आहे, आई त्याच्यावर रुमाल झाकून ठेवते.

माझं म्हणणं, पिढी, म्हणजे एका मशीनपासून पुढच्या मशीनपर्यंतचा काळ, दहा वर्षांची पाहिजे. काहून ते सांगतो. पीएस२ २०००ला आलं, त्या एका मशीनवर जीटीए ह्या गेमच्या मालिकेतले थ्री (२००१), व्हाईस सिटी (२००२) आन सॅन अँड्रियास (२००४) असे तीन मोठे गेम आले. पीएस३वर दोन, चौथा २००८ला आन पाचवा २०१३ला. पीएस४वर स्वतःचा एकबी नाही, पाचव्यालाच रंगरंगोटी करून २०१४ला परत विकला. आन पीएस५वर २०२२ला काय आलं? परत पाचवाच! सहावा आता १९ नोव्हेंबर २०२६ म्हणायलेत, म्हणजे मशीन बाजारात येऊन सहा वर्षं झाल्यावर. गेम बनवायलाच इतकी वर्षं लागायलीत तर सात वर्षांनी मशीन बदलून करायचं काय? सोयाबीन आत्ता कुठं फुलोऱ्यात आलंय आन तुम्ही रानात रोटाव्हेटर घालायला निघालात.

सिडको_एन_सात (संभाजीनगर)
भाऊ उदाहरण भारी आहे पण हिशोब उलटा लावलास. लांब पिढी काय करते ते आपण बघितलंय की. मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स ३६० २००५ला आलं, पीएस३ २००६ला, आन पुढचं थेट २०१३च्या नोव्हेंबरात. दोन्ही मशीनात मेमरी किती, तर ५१२ एमबी. २०१३ला चांगल्या मोबाईलमध्ये दोन जीबी रॅम यायची आन टीव्हीखालच्या एवढ्या मोठ्या डब्यात त्याच्या चौथाई! शेवटची दोन-तीन वर्षं निस्ता वैताग होता, गेम धक्के खात चालायचे, कडा करवतीसारख्या दिसायच्या, आन पीसीवाले आपल्याला हसायचे. मग पीएस४ एकदम आठ जीबी घेऊन आलं. ते २०११ला आलं असतं तर काय बिघडलं असतं? पाच-सहा वर्षं, बस. त्यापुढं ओढलं की बैल बसतो.

गोदाकाठचा_गडी
त्याच ५१२ एमबीत जीटीए फाईव्ह बसला की रे दादा. लास्ट ऑफ अस हा गेम पण त्याच वर्षी जूनमध्ये, त्याच मशीनवर. म्हणजे सातव्या वर्षी लोकांना त्या पीएस३ची खरी नस सापडली. तू सहाव्या वर्षीच बंद केलं असतं तर हे दोन्ही त्याच्यावर दिसले असते का?

तो बनवणाऱ्या नॉटी डॉग कंपनीचंच बघ ना, पीएस३वर अनचार्टेड तीन वेळा (२००७, २००९, २०११) आन वरून लास्ट ऑफ अस. चार! पीएस५वर त्यांचे जुनेच गेम नवीन करून आले, कोरा असा एकबी नाही अजून.

सिडको_एन_सात
मग सायबरपंक गेम आठव. डिसेंबर २०२०, सात वर्षं जुन्या पीएस४वर कोंबला, इतका बेकार चालला की आठ दिवसांत सोनीनं स्टोअरवरून काढून टाकला, २०२१च्या जूनपर्यंत परत ठेवलाच नाही. जुनं मशीन किती दिवस गळ्यात बांधून फिरणार. गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक २०२२चा, तोबी पीएस४ला धरूनच बनवला. आम्ही पन्नास हजार घालून नवीन घेतलं आन दोन वर्षं जुन्यांच्या हिशोबानं खेळलो. माझा राग तिथं आहे.

डिस्कवाला (परभणी)
दोघांचंबी वाचलं. माझं दुकान आहे, जुने कन्सोल घेणं-विकणं, डिस्क बदली आन रिपेरिंग. तर दुकानात बसून जे दिसतं ते सांगतो, लंबं होईल, सांभाळून घ्या.

तुम्ही पिढी मोजायलात ती जपानात आन अमेरिकेत मशीन आलं त्या तारखेपासून. आमच्याकडं पिढी सुरू होते ती मशीन गिऱ्हाईकाच्या खिशात बसायला लागतं तिथून. पीएस२ आलं २०००ला पण आमच्या गल्लीत ते धडाक्यात चाललं पीएस३ आल्यावर! चिप मारलेलं (कॉपी गेम चालावेत म्हणून) पीएस२ आन फुटपाथवरच्या कॉपी सीड्या, पोरं कापसाच्या पैशात घेऊन जायची. आन कंपनीनं ते बनवणं बंद कधी केलं, २०१३ला. म्हणजे नवीन येऊन सहा वर्षं झाली तरी जुनं चालूच होतं, सोळा कोटींच्या वर नग उगाच नाही गेले. पीएस४चं पण तेच, भारतात ३९,९९०ला आलं होतं २०१४च्या जानेवारीत, पुढं स्लिम तीस हजारांच्या आत आलं तेव्हा आमचा धंदा उठला.

आता पीएस५ बघा. २०२१च्या फेब्रुवारीत ४९,९९०, आन २०२२च्या नोव्हेंबरात ५४,९९०. वर्षं जातायत तसा भाव खाली येण्याऐवजी वर! माझ्या धंद्यात हे कधी पाहिलं नव्हतं. मग जी पिढी आमच्यापर्यंत आलीच नाही ती संपली असं कोण म्हणायलंय? परभणीपुरतं बोलायचं तर ही पिढी अजून अंगणातबी आली नाही, उंबरठा लांबच.

सिडको_एन_सात
डिस्कवाले काका, तुमच्याच बोलण्यात माझा मुद्दा आहे बघा. पीएस२ स्वस्त कधी झालं? पीएस३ आल्यावर. म्हणजे नवीन लवकर आलं तरच जुनं उतरतं. तुम्ही नव्याला दारातच अडवून धरलं तर जुन्याचा भाव कशाला पडेल? नवा ट्रॅक्टर दारात आल्याशिवाय जुना कोणी विकायला काढतं का?

डिस्कवाला
बरोबर बोललास लेका, अर्धं. उतरायचं ते दोन कारणांनी. एक तू म्हणतोस ते. दुसरं म्हणजे मशीनच्या आतला माल, चिप वगैरे, दरवर्षी बनवायला स्वस्त व्हायचा. ते दुसरं कारण आता राहिलं नाही. उलट एआयवाल्यांच्या मोठमोठ्या डेटा सेंटरपायी रॅमचे भाव भडकलेत, माझ्याकडं लॅपटॉपची रॅम टाकायला आलेलं गिऱ्हाईक भाव ऐकून तसंच माघारी जातं. असल्या बाजारात नवीन मशीन काढलं तर ते केवढ्याला पडेल सांग. आन ते लाखाजवळ गेलं तर लोक जुनंच धरून बसतील, मग जुनं बाजारात येईल कुठून आन उतरेल कसं?

वाळूजचा_फिटर
कामावरून आलो, धागा बघितला. वर्षं मोजण्यात अर्थ नाही ओ. नवीन पिढी कधी, तर जुन्यावर जे होऊच शकत नाही असं काहीतरी हातात आल्यावर. पीएस५चं काय होतं, ग्राफिक्सची ताकद पीएस४च्या १.८४ टेराफ्लॉपची १०.२८ झाली हे ठीक आहे, पण खरा फरक एसएसडीचा, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी आलेल्या वेगवान साठवणीचा. सेकंदाला साडेपाच जीबी वाचते. रॅचेट अँड क्लँक हा गेम (२०२१) खेळला असाल तर माहीत असेल, एका दुनियेतून दुसऱ्या दुनियेत डोळ्याची पापणी लवेस्तोवर, पीएस४च्या हार्डडिस्कवर तेच करायला गेलं तर चहा ठेवून यायला येळ मिळाला असता. आता पुढच्यात असं काय आहे? उजेड-सावली अजून खरी दिसंल, बरं मग? माझ्या ३२ इंची टीव्हीवर मला पीएस५ आन त्याच्याच वरच्या मॉडेलचा, पीएस५ प्रोचाच फरक कळणार नाही. प्रो तसंबी आपल्याकडं आलंच नाही तेव्हा, २०२४ला, सहा गिगाहर्ट्झच्या वायफायला परवानगी नव्हती म्हणून. अर्धी पिढी आपल्याला वगळूनच गेली.

ट्यूशनवाली_ताई (लातूर)
माझा लहान भाऊ सहावीत असताना पप्पांनी पीएस४ घेऊन दिला होता. आठवीला फाऊंडेशनचा क्लास लागला की कन्सोल कपाटावर, दहावीचा निकाल लागला की उतरवला, महिन्याभरात अकरावी-नीट सुरू, परत कपाटावर. लातूरच्या घरात सात वर्षांच्या पिढीतली धरून धरून तीन वर्षं मिळतात खेळायला. त्यामुळं माझं मत गड्याला, दहा वर्षंच करा 😂

सिडको_एन_सात
ताई तुमचं मान्य, पण सोनीला लातूर पॅटर्नचा सिलॅबस कोण पाठवणार.

गोदाकाठचा_गडी
घाईनं काय होतं तेबी लिहितो, कारण एन-सातवाल्याला लांब पिढीचंच तोटं दिसायलेत. सेगा कंपनीनं १९९४च्या नोव्हेंबरात जुन्या मशीनवर बसवायचा ३२एक्स काढला आन त्याच महिन्यात जपानात नवीन मशीन, सॅटर्न. म्हणजे जोडणी घेतलेला माणूस घरी पोचायच्या आत येडा ठरला. मग १९९५च्या ११ मेला अमेरिकेत ई३ ह्या गेमच्या मेळ्यात सांगून सॅटर्न अचानक दुकानात ठेवला, ३९९ डॉलरला, कितीतरी दुकानदारांना पत्ताच नाही. त्याच मेळ्यात सोनीच्या माणसानं स्टेजवर येऊन २९९ एवढंच सांगितलं आन खाली उतरला. पुढं सेगाचंच ड्रीमकास्ट १९९८ला, चांगलं मशीन होतं पण लोकांचा विश्वासच उडाला होता, २००१ला गाशा गुंडाळला. आन तुझ्या लाडक्या ३६०चं, पहिल्या एक्सबॉक्सनंतर चारच वर्षांत काढलं, तापून तापून लाल दिवे लागायला लागले, मायक्रोसॉफ्टला तीन वर्षांची वॉरंटी देऊन एक अब्ज डॉलरच्या वर खड्डा पडला. ते अमेरिकेतल्या हवेत तापलं, आपल्याकडं मे महिन्यात त्रेचाळीस-चव्वेचाळीस असतं.

डिस्कवाला
तापायचं नका काढू. एप्रिल ते जून माझा रिपेरिंगचा सीझन. कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्यांचे येतात. पोरं टीव्हीच्या कपाटात बंद करून ठेवतात, वरून रुमाल. (नांदेडवाले, आईला सांगा.)

गोदाकाठचा_गडी
सांगितलं. म्हणली धूळ बसते.

सिडको_एन_सात
बरं मी थोडं खाली येतो. पाच नाही, सात. २०२७च्या दिवाळीला नवीन यावं आन पहिल्या दिवसापासून गेम फक्त त्याच्यावरच चालणारे पाहिजेत. निन्टेंडोचं स्विच आठ वर्षं चाललं, २०१७ ते २०२५, पण २०२३च्या झेल्डा गेमलाच घाम फुटला होता त्याला, फ्रेम पडायच्या, म्हणजे चित्र अडखळायचं. आठवं वर्ष म्हणजे ओढाताणच.

डिस्कवाला
गेम फक्त नव्यावर, आन डिस्कचं काय? प्रोमध्ये डिस्क ड्राईव्ह दिलाच नाही, वेगळा घ्या म्हणले. पुढचं मशीन तसलंच आलं तर ४,९९९चा गेम एकदा घेतला की तुमच्याच अकाऊंटात अडकला. आज माझ्याकडं पोरगं खेळून झालेला गेम देतं, वरून काही पैसे टाकतं, दुसरा घेऊन जातं, अशी एक डिस्क सात-आठ घरं फिरते. म्हणून मी म्हणतो सावकाश येऊ द्या.

सिडको_एन_सात
काका, डिस्कचा जमाना गेलाच आता. मी तर नवीन आलं की पहिल्या दिवशी बुक करणार, तुमचं चालू द्या.

गोदाकाठचा_गडी
कर बुक, कोण नाही म्हणतंय. फक्त तुझं जुनं पीएस५ बाहेर देऊ नको, माझ्या मेहुण्याला पाहिजे. तीस हजार देतो, येऊन घेऊन जाईन.

सिडको_एन_सात
डन. कंडिशन टकाटक आहे, दोन कंट्रोलर. डिजिटलवालं आहे पण, डिस्क नाही चालत त्याच्यात.

गोदाकाठचा_गडी
मग राहू दे.