तक्रार करताय? पद्धत, मुदती आणि पदरी येणारा त्रास (अनुभव धागा)

"हिंमत करा" म्हणणारे पुष्कळ भेटतात. इथे अर्ज कुठे द्यायचा, कुठे अडतो आणि उलटून काय येतं तेवढंच लिहा. आपापली कहाणी नको.

नौपाडा, ठाणे
माहिती अधिकाराचा अर्ज: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांत. "का केलं?" विचारलंत की अर्ज वाया गेला. कागद मागा: मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मोजणीची वही), टिपणी, बिलं. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपये. दुसरं ९० दिवसांत, बेलापूरला कोकण भवनातल्या राज्य माहिती आयोगाच्या खंडपीठाकडे. तिथे तारीख लवकर लागत नाही, धीर धरा.

कलम ६(२) नुसार कारण विचारता येत नाही, पण अर्जावरचं नाव, ज्याच्या कामाबद्दल विचारलंय त्या कंत्राटदाराच्या कानावर जायला वेळ लागत नाही. तळेगावचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा खून १३ जानेवारी २०१० चा. म्हणून घरचा पत्ता टाळा. टपालपेटी क्रमांक पुरेसा आहे, असं कोलकाता उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटलंय. शक्य असेल तर दोघातिघांनी वेगवेगळे अर्ज टाका, म्हणजे रोख एकावरच राहत नाही.

ऐरोली
ऑफिसातल्या लैंगिक छळाची तक्रार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत, लेखी, सहा प्रतींत. ऑफिसची अंतर्गत तक्रार समिती सबळ कारण नोंदवून आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशीला ९० दिवस. तेवढ्या काळात ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच साहेबाकडून आपल्या कामाचं मूल्यमापन होऊ नये, ही मागणी पहिल्याच अर्जात लेखी घाला. बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजाही मागता येते. बहुतेक जणी हेच विसरतात आणि मग पगारवाढीत मार खातात. ईमेलच्या प्रती आधीच काढून ठेवा. लॉगिन बंद व्हायला मिनिटभर पुरतो. मात्र कंपनीचा गोपनीय डेटा स्वतःच्या मेलवर पाठवू नका, तेच निमित्त करून काढून टाकतात.

आर्थिक घोटाळ्याच्या तक्रारदारांनी २०१४ च्या जागल्या (गैरप्रकार उघड करणारा) संरक्षण कायद्यावर विसंबू नये. मंजूर झालाय, लागू नाही.

घोडबंदर रोड
सोसायटीच्या ग्रुपवर "चोर" लिहू नका. बदनामीचं कलम (भारतीय न्याय संहिता ३५६) सगळ्यात आधी तिथेच चिकटतं. पत्र द्या, पोच घ्या. घेतच नसतील तर स्पीड पोस्ट. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ८३ ची (निबंधकांकडून होणारी) चौकशी सदस्यांच्या मागणीवर हवी असेल तर एक पंचमांश सह्या लागतात. तोंडी सगळे पाठीशी असतात, सहीच्या वेळी गावाला जातात! आणि रागाने मेंटेनन्स थांबवू नका. थकबाकीदार ठरलात की कमिटीच्या हाती आयतं कोलीत.

बेलापूर
खाडीकाठचा भराव असेल तर तारखेसह फोटो, अक्षांश-रेखांश आणि जुनी उपग्रह चित्रं जोडा. कांदळवनापासून ५० मीटरचा पट्टाही संरक्षित आहे. रात्री डंपरमागे एकटं जाऊ नका. गाडीचा नंबर लांबून टिपला तरी चालतं. ज्या फोनवर व्हिडिओ काढलाय तो विकू नका, फॉरमॅटही करू नका: कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (डिजिटल पुराव्याचं) प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोनच नसेल तर समोरचा वकील तिथूनच सुरुवात करतो.